एक झाकण पाणी, आठव्या दिवशी

निवृत्तीभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी हिंजवडीला लेकीच्या फ्लॅटमध्ये नातवाला वरणभात भरवत होते. आमच्या कंपनीतल्या जुन्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सकाळी नुसती गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात, म्हणून मी तो दुपारी एकदाच उघडते. त्या दिवशी उघडला तर भाऊंचा ओळखपत्रावरचा फोटो आणि खाली ओळीनं जोडलेले हात... सकाळी आंघोळ करून गच्चीवर गेले, झाडाजवळच्या स्टुलावर बसले, ते तिथंच संपले, असं कुणीतरी लिहिलं होतं. मी तशीच उठले, गाडी मिळवली, पण हिंजवडीतून बाहेर पडायलाच तासभर गेला आणि पुढं चाकणच्या अलीकडं ट्रेलरच्या रांगेत दुसरा तास. महाळुंग्यात पोचले तर माणसं घाटावरून परत येऊन दारात पाय धूत होती. मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला नाही. त्याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठं काहीतरी राहिलं. अडीच वर्षं मी त्यांच्याशी एक खोटं सांभाळून होते. आज सांगू, उद्या सांगू, करत ते तसंच ठेवलं होतं. त्यांना ते कळलं होतं की नव्हतं, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि आता विचारायला माणूसच उरला नव्हता.

ते खोटं एका झाडाबद्दलचं आहे. पण झाडापाशी जायच्या आधी तुम्हाला भट्टीपाशी न्यावं लागेल. मी लग्न होऊन लातूरकडून इकडं आले आणि चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत लॅबमध्ये लागले, पोलादाचा कठीणपणा तपासायला. निवृत्तीभाऊ शेजारच्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये भट्टीवर. ते मूळचे महाळुंग्याचेच. त्यांच्या मळ्याच्या जागेवर आता ट्रक वळवायचं मैदान आहे. भट्टीत माल तापवायचा, तेलात बुडवायचा, पुन्हा मंद आचेवर ठेवायचा, आणि दर अर्ध्या तासाला तापमान लॉगबुकात लिहायचं, हे त्यांचं काम. एकदा एक माल माझ्याकडं तपासायला आला तो मऊ निघाला. लॉगबुक मागवलं, तर मधल्या एका चौकटीत आकड्याऐवजी आडवी रेघ. साहेब तापले. मागचापुढचा आकडा बघून मधला भरून टाकायला काय जात होतं, असं त्यांचं म्हणणं. भाऊ म्हणाले, "साहेब, त्या टायमाला मी क्रेनवर अडकलो व्हतो. मी भट्टी बघितलीच न्हाई, तर आकडा कुठनं आणू?" त्या रेघेबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि चहाला गेले. मी तेव्हा नवी होते, वाटलं, काय हट्टी माणूस आहे हा. नंतर ध्यानात आलं, अख्ख्या शॉपमध्ये डोळे झाकून विश्वास ठेवावा असं लॉगबुक या एकाच माणसाचं. त्यांनीच मला शिकवलं की बघितलं नाही तिथं रेघ मारायची, आणि नोंद चुकली तर गिरगटून खोडायची नाही. एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला आपली सही करायची. "चूक झाकली की तिला पिलं व्हत्यात, ताई," असं म्हणायचे.

रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात किंवा शेजाऱ्यांच्या भांडणात लक्ष घालतात. भाऊ आमच्या कंपनीतल्या ट्रेकिंगवाल्या पोरांबरोबर हिमाचलात स्पितीला गेले. जन्मात भीमाशंकरच्या पुढं डोंगर न बघितलेला माणूस. तिसऱ्या दिवशी उंचीवर दम लागला, डोकं गरगरायला लागलं, पोरांनी त्यांना एका उतारावर बसवलं आणि हलू नका म्हणून बजावलं. आजूबाजूला नुसती दगडगोट्यांची घसरण, झाड म्हणून नाही. तोल सावरायला हात टेकला तो एका करड्या खुरट्या झुडपावर, आणि तळहात नाकाशी नेला तर काय, दवणा! त्यांची आई विहिरीच्या पाटाकडेला दवणा लावायची, चैत्रात देवाला वाहायला. मळा गेला त्या वर्षी तोही गेला. हे सांगताना दरवेळी म्हणायचे, "चौदा हजार फुटावर, ताई. न पाणी, न माती. म्हटलं, हितं कुनी लावला आसंल?" परत आल्यावर राजगुरुनगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना त्यांनी फोटो दाखवले. हे दवण्याच्याच कुळातलं रानझाड, म्हणजे दवण्याची लांबची चुलत बहीण, बर्फाच्या मुलखात राहणारी, असं बाईंनी सांगितलं. झालं. माणूस त्या चुलत बहिणीच्या नादी लागला तो लागलाच. त्यानंतर सलग सात वर्षं तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, ते तिकडं गेले.

जाऊन करायचे काय, तर त्याच एका उताराची नोंद. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद, तेवढाच तुकडा. प्रत्येक झुडपाशेजारी दगडाखाली अॅल्युमिनियमचा बिल्ला, आम्ही कंपनीत मालाला लावायचो तसा, नंबर ठोकलेला. रजिस्टरमध्ये उंची, घेर, किती फुलं, शेजारी दगड केवढा, बर्फ कधी गेला ते गावात विचारून. परत आले की माझ्याकडं यायचे आणि चहा निवेपर्यंत सांगत बसायचे. वर वीतभर झाड, पण खाली मुळी हातभर, कारण वरचे दगड सारखे सरकत असतात. पान बारीक चिरलेलं आणि वर रुपेरी लव. ऊन भाजून काढतं आणि वारा ओल पिऊन टाकतो, त्याला ती लव आडवी येते. फुलं पिवळी, बटणाएवढी, मान खाली घातलेली, आणि त्यांना ना माशी लागते ना फुलपाखरू, वारंच सगळं करतं. एकदा मी म्हटलं, "एवढ्या बर्फात मरत कसं नाही हो ते?" तर हसले. "बर्फानं न्हाई मरत. बर्फ म्हंजी गोधडी. दगडाच्या आडोशाला बर्फ साचतो, तिथली झाडं जगत्यात. उघड्या धारेवर बर्फच टिकत न्हाई, तिथली गारठून काळी पडत्यात." हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तीन वर्षं बिल्ले मोजून कळलं होतं. ज्या घरी उतरायचे तिथल्या आजीबाईंनी सांगितलं होतं की शेरडं हे झाड उन्हाळ्यात तोंडात धरत नाहीत, कडू लागतं म्हणून, आणि पहिला बर्फ पडला की तेच गोड मानून खातात. आम्हीही असेच, असं त्या म्हणाल्या होत्या म्हणे. रजिस्टर कॉलेजातल्या बाईंनी बघितलं. मी त्या दिवशी भाऊंबरोबर गेले होते. पानापानावर आडव्या रेघा, पाऊस होता, चढता आलं नाही, दिसलं नाही. बाई म्हणाल्या, "या रेघा आहेत म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो." भाऊंचे कान लाल झाले. मी कौतुकानं मान हलवत होते. त्या माझ्या मानेची आता लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी त्या आजीबाईंनी त्यांना चिमूटभर बी दिलं. मोहरीच्या शतांशानं असेल एवढं बारीक. महाळुंग्यात बर्फाचं झाड उगवायचं म्हणजे... पण हीट ट्रीटमेंटच्या माणसाला तुम्ही थंडीचं काय सांगता? आमच्याकडं काही पोलाद तापवून झालं की उलटं पार शून्याच्या खाली नेऊन ठेवतात, त्याशिवाय ते पक्कं होत नाही. त्याला सब-झिरो म्हणतात. भाऊंनी बियाला सब-झिरो दिली. ओल्या वाळूत घालून डबी दोन महिने फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, आणि दारावर तापमानाचा कागद चिकटवलेला. इंदूवहिनी माझ्याकडं गाऱ्हाणं करायच्या, "माझं इरजण काढून ठिवत्यात भाईर, आन् ह्यांची वाळू आत." अकरा अंकुर आले. खत नाही, काळी माती नाही. ओतशाळेतली धुतलेली वाळू आणि खडी, सहा इंची पाइपचा हातभर तुकडा उभा करून त्यात भरलेली, मुळीला खाली जायला जागा पाहिजे म्हणून. दहा मेले. एक जगलं. मे महिन्यात दुपारी ते झाड पाइपसकट जुन्या बंद फ्रिजमध्ये बर्फाच्या बाटल्यांमध्ये उभं असायचं. गावातली माणसं हसायची. भाऊपण हसायचे, पण पाइप हलवायला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

त्या झाडाला दुसरा पावसाळा लागला तेव्हा भाऊंची डोंगरावर जायची वेळ आली, आणि नेमकं वहिनींना लेकीच्या बाळंतपणाला जुन्नरला जावं लागलं. भाऊ पाइप छातीशी धरून रिक्षातून माझ्या मोशीच्या फ्लॅटवर आले. माझी बाल्कनी पावसाच्या आडोशाला, म्हणून. पाइपला दोरीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण बांधलं होतं. "आठव्या दिवशी एक झाकण. जास्त न्हाई, कमी न्हाई," म्हणाले, आणि पंचवीस चौकटी आखलेला एक कागद दिला. रोज बघायचं आणि लिहायचं. मी म्हटलं, "भाऊ, एका झाकणात चिमणीची चोच तरी भिजेल का?" ते म्हणाले, "तुमी द्या तेवढंच." आणि गेले.

पहिले आठ दिवस मी शहाण्यासारखं वागले. आठव्या दिवशी झाकण दिलं. मग पावसानं उघडीप घेतली आणि असं काही तापलं की विचारू नका. नवव्या दिवशी झाडानं मान टाकली. मी चौकटीत "जरा सुकल्यासारखं" लिहिलं. आता बघा, मी लातूरकडची. आमच्याकडं टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेल्या घागरीतलंसुद्धा ओंजळभर पाणी तुळशीला गेल्याशिवाय कुणी घोट घेत नसे. दारातलं झाड पाण्यावाचून वाळू देणं म्हणजे पाप, हे माझ्या हाडात आहे. त्या कोमेजलेल्या झाडासमोर झाकण हातात धरून उभं राहताना मला कसायासारखं वाटायला लागलं. मी तांब्याभर पाणी ओतलं. वरून मूठभर शेणखत, बाळंतिणीला डिंकाचा लाडू द्यावा तसं. संध्याकाळी जरा ताठ झाल्यासारखं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी एक तांब्या. पुढं पानं काळी पडत गेली आणि चौदाव्या दिवशी बोट लावलं तर खोड लगदा झालेलं होतं. अति तिथं माती म्हणतात. मी त्या म्हणीवर दोन तांबे ओतले होते.

त्या वेळी फोन केला असता तर... पण डोंगरात फोन लागत नाही, अशी मी स्वतःची समजूत काढली. खरं कारण वेगळं होतं. साहेबांच्या मेमोपुढंही ज्याची एक रेघ हलली नव्हती, त्या माणसाला मी काय तोंड दाखवणार होते? मी नर्सरीत गेले, दवण्याचं रोप घेतलं, आपला साधा देवाला वाहायचा दवणा. पान तसंच चिरलेलं, तसंच करडं. मेलेलं झाड उपटलं, ते खोडापाशीच तुटलं, आणि त्या जागी हे लावलं. वर पुन्हा खडी पसरली. कागदावर चौदाव्या दिवसापासून पंचविसाव्यापर्यंत बारा चौकटी होत्या. बाराही चौकटींत मी "ठीक" लिहिलं. एका बैठकीत, एकाच पेनानं. सव्वीस वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी.

भाऊ आले ते उन्हानं काळेठिक्कर पडून, ओठ फुटलेले, पण खुशीत. अकरा नंबरच्या झुडपाला पहिल्यांदा फुलं आली होती. बाल्कनीत गेले, पाइपसमोर उकिडवे बसले. मी दारातच उभी, पदर हातात चुरगाळत. त्यांनी एक पान खुडलं, चुरलं, हुंगलं. दुसरं पान खुडलं, तेही हुंगलं. मग उठले आणि म्हणाले, "चांगलं ठेवलंत ताई. वास चांगला हाय." कागद मागितला, चौकटींवरून नजर फिरवली, घडी करून खिशात ठेवला. चहा घेतला आणि पाइप छातीशी धरून गेले. माझा जीव भांड्यात पडला, पण त्या दिवसापासून तो भांड्यातच अडकून राहिला. कारण डोंगरातल्याचा वास पहिल्या झटक्यात दवण्यासारखा, पण मागून कडू, कापरासारखा नाकात चढणारा. हा गोडसर. सात समुद्रांपलीकडून ओळखेल असा माणूस फसला कसा? की फसलाच नाही? पुढं किती वेळा भेटलो. राखीला, माझ्या नातवाच्या बारशाला, कुणाकुणाच्या दहाव्याला. दरवेळी मी बोलायला तोंड उघडायचे आणि वहिनींच्या पोह्यांबद्दल बोलून बसायचे. त्यांनी झाडाचा विषय टाळला नाही की काढला नाही. मी विचारलं, "कसं आहे हो झाड?" तर "जोरात हाय" म्हणायचे.

आता महिना उलटून गेला. परवा वहिनींनी बोलावून घेतलं. "ती रजिस्टरं कालेजच्या बाईंला द्यायची हायेत. त्यातलं एक तेवढं तुमी बघा आधी," म्हणाल्या. आम्ही दोघी गच्चीवर गेलो. भिंतीच्या सावलीत तोच पाइप, दोरीला तेच झाकण, आणि पाइपमध्ये दवणा, तरारलेला, पिवळ्या बोंडांनी भरलेला. शेजारी भाऊंचं स्टूल. मी स्टुलावर बसले नाही, खालीच बसले आणि रजिस्टर उघडलं. आत माझा पंचवीस चौकटींचा कागद चिकटवलेला होता. माझे बारा "ठीक" जसेच्या तसे, कुठं खूण नाही, फुली नाही. त्याखाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात त्याच दिवशीची, माझ्याकडून पाइप घेऊन गेले त्या दिवशीची नोंद:

"झाड गेलं. खडी उपसून बघितली. जुनी मुळी तळाशी हाय, कुजलेली. कारण पाणी. ताईला माप सांगितलं, कारण सांगितलं न्हाई. मानूस नुसत्या मापावर कसं काम करंल. चूक माझी."

आणि त्याखाली, थोडी जागा सोडून: "ताईनं नवं रोप आणलं. आईच्या दवण्याचा वास हाय. जगवायचं."

मला पुढचं दिसेना. वहिनी म्हणाल्या, "त्यानला पयल्या दिशीच कळलं व्हतं. मी म्हणलं, बोला की तिला. तर म्हनले, ती सांगंल तवा सांगंल, तिला काय मेमो द्यायचा हाय का?" मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पानं उलटत गेले. दवणा वर्षाचं पीक, ते मरणारच. भाऊंनी त्याचं बी धरलं, दिवाळीनंतर पेरलं, पुन्हा धरलं, पुन्हा पेरलं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर "ताईचा दवणा", खाली "पिढी दुसरी", मग "पिढी तिसरी". आणि त्या दिवसानंतरच्या सगळ्या पानांवर एक नवा रकाना होता, पट्टीनं आखलेला. पाण्याच्या रकान्याशेजारी, "कारण".

शेवटची नोंद ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. पुढं चौकटी रिकाम्या. वहिनी रोज पाणी घालत होत्या, पण लिहीत नव्हत्या. मी पेन मागितलं. रिकाम्या दिवसांवर एकेक आडवी रेघ मारत आले, कारण ते दिवस मी बघितले नव्हते. मग मागं जाऊन माझा कागद चिकटवलेलं पान काढलं. बारा "ठीक"वर बारा वेळा एकेकच रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी, आणि प्रत्येकीशेजारी सही केली. अडीच वर्षांनी का होईना. शेवटी दवण्याच्या खडीत बोट घातलं आणि त्या दिवशीच्या तारखेची ओळ भरली. पाणी, अर्धा तांब्या. कारण, बोटभर खोल कोरडं होतं. वहिनींनी वाचलं आणि खाली जाऊन अर्धा तांब्या पाणी घेऊन आल्या.